राखणदाराचं देणं

देवळात शिरायच्या आधी चपला बाहेर काढायच्या हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं, की तळकोकणातल्या आरवलीच्या वेतोबाच्या देवळात पहिल्यांदा गेलेला माणूस जरा गडबडतोच. कारण आत देवासमोरच चपला मांडलेल्या असतात, त्याही ओळीने. चांगल्या हातभर लांब, जाड तळाच्या, चामड्याच्या. कुणी भक्त विसरून गेलाय असं नाही, त्या देवाच्याच आहेत. वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरनं फेरी मारतो, राखण करतो, आणि रोज एवढं चालायचं म्हटल्यावर चपला झिजणारच, मग ज्याचा नवस फळला तो देवाला नवा जोड करून आणतो. नाहीतर केळ्यांचा घड. दागदागिने देणारेही असतील, पण खास वेतोबाचं म्हणून जे काही आहे ते एवढंच, पायात घालायला चपला नि खायला केळी. नाईट ड्युटीवरच्या माणसाला आणखी काय लागतं हो?

मी एकदा वाकून त्या चपला नीट बघितल्या. नव्या जोडाचा वास अजून जात नाही, तेलाचा आणि कच्च्या चामड्याचा, त्यात पिकल्या केळ्यांचा वास मिसळतो नि गाभाऱ्यातल्या धूप-अगरबत्तीचा, असं एक विचित्र मिश्रण नाकात बसतं. शिवण जाड दोऱ्याची, अंगठ्याची वादी मजबूत. जुन्या जोडांचा रंग उडालेला, कडा वर वळलेल्या. श्रद्धाळू म्हणतात, बघा टाचेकडनं झिजलेत. आमचा दीर इंजिनिअर आहे, तो म्हणतो खाऱ्या हवेत चामडं असंच होतं. मला दोघांच्या भांडणात पडायचं नाही. मला मजा याची वाटते की कधीतरी कुणाच्या तरी मनात आलं असेल, हा देव आपल्यासाठी चालतोय ना, मग याचे पाय दुखत असतील, याला चपला देऊया. मुकुट सुचणं सोपं आहे, चपला सुचायला त्या देवाचं काम काय हे माहीत असावं लागतं.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर वेंगुर्ले तालुक्यात आणि राहायला डोंबिवली, म्हणजे कोकणातला माणूस जसा असायला हवा तसाच सगळा मामला. वेतोबा म्हणजे वेताळच. लहानपणी वेताळ म्हटला की विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगणारं प्रेत एवढंच डोक्यात यायचं. घाटावर वेताळ म्हणजे गावाबाहेरचा शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे नुसता दगड, पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे नि लोक तिथे सकाळी ट्रॅकपँट घालून वॉकला जातात. गोव्यात लोलयेला दगडी वेताळ आहे. आणि इथे आरवलीत, शिरोड्याला लागून, वेंगुर्ल्याकडनं येताना रस्त्यालगतच, तो ९ फूट उंच उभा आहे, अगदी माणसासारखा माणूस, मिशा, मोठे डोळे, हातात तलवार. बसलेला नाही, आडवा नाही, उभा. आधीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, १९९६ मध्ये पंचधातूची झाली. फणसाचं लाकूड देवाचं, म्हणून गावात ते दुसऱ्या कामाला वापरत नाहीत, आणि मूर्ती धातूची झाल्यावरही हा नियम काही कुणी रद्द केला नाही.

आता भुतांचा राजा तोच भुतांपासून गाव राखणारा, हे ऐकून माझ्या मुंबईतल्या मैत्रिणी हसतात. मला तर यात आपल्या पूर्वजांचं शुद्ध व्यवहारज्ञान दिसतं. गल्लीतल्या दादालाच सोसायटीच्या सिक्युरिटीचं काम द्यावं तसं आहे ते. बाकीचे आपोआप गप्प बसतात.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या नमस्काराला सासऱ्यांनी मला हळूच सांगितलं होतं, "काय मागतलंस ता नीट सांग गो. मोघम बोललंस तर तो तरी काय करतलो?" माहेरी मला कुणी असं सांगितलं नव्हतं. आमच्याकडे हात जोडायचे, डोळे मिटायचे, 'सगळ्यांचं भलं कर' म्हणायचं नि घंटा वाजवून बाहेर. इथे देवासमोर उभं राहून केस मांडायची असते. गाऱ्हाणं म्हणतात ते हेच. ज्यांनी तळकोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना कसं सांगू, तो एक अर्ज असतो, तोंडी, जोरात, सगळ्यांच्या साक्षीने. गावकर किंवा गुरव नारळ हातात धरून सुरुवात करतो, "बा देवा म्हाराजा..." आणि मागे उभे असलेले पुरुष प्रत्येक वाक्याला ठोकून सांगतात, "व्हय म्हाराजा!" त्यात आधी बारा वाटा, बारा येशी, जागेवाला, वाटेवाला, सगळ्यांची नावं घेतली जातात, कुणाला वगळलं असं व्हायला नको. मग अर्जदार कोण, कुठून आला, काय अडचण. "ही तुझी लेकरां मुंबयसून इली आसत, ह्या झिलाची क्यानडाची पी. आर. अडाकली आसा, ती मोकळी कर रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "तेंच्या वाटेत जो कोण आडो येत आसात तेका बाजूक सार रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा.

शत्रूचं नाव घेत नाहीत, पण सगळ्यांना कळतं. बायका पुरुषांच्या मागे. आम्हाला 'व्हय' म्हणायचाही अधिकार नाही, निदान आमच्या घराच्या रीतीत तरी नाही, आणि हे मला दरवेळी खटकतं आणि दरवेळी मी गप्प बसते कारण सुट्टी चारच दिवसांची असते. पण आमच्या सासूबाईंनी त्यातून वाट काढलेली आहे. गाऱ्हाणं चालू असताना त्या मागून सासऱ्यांच्या शर्टाला ओढतात नि पुटपुटतात, "गुडघ्याचा सांगा... अवो, गुडघ्याचा!" आणि मग क्यानडाच्या पाठोपाठ आईंचा उजवा गुडघा देवाच्या कानावर घातला जातो. व्हय म्हाराजा.

म्हणून मला वाटतं की आमच्याकडे देवाशी जे नातं आहे ते भक्तीपेक्षा रोजगाराच्या जास्त जवळचं आहे. वाईट अर्थाने नाही. घाटावर विठ्ठलाला माऊली म्हणतात, त्याच्यासाठी रडतात, उराउरी भेटतात. कोकणातल्या राखणदाराशी कुणी उराउरी भेटत नाही. त्याचं काम ठरलेलं, हद्द ठरलेली, मोबदला ठरलेला. दोन्ही बाजूंनी करार पाळायचा. देवाने हयगय केली तर माणूस त्याला ऐकवतोसुद्धा, मी कानांनी ऐकलंय, एका म्हाताऱ्याने भरदेवळात विचारलेलं, "रवलंस खय होतंस इतके दिस?" आणि माणसाने हयगय केली तर मग काय होतं ते पुढे सांगते.

हा जो कारभार आहे त्याला गावऱ्हाटी म्हणतात. वरपासून खालपर्यंत सगळी पदं भरलेली. सातेरी म्हणजे भूमीच, वारुळाच्या रूपात पुजतात तिला, ती मालकीण. मग रवळनाथ, कुठे माउली, कुठे भगवती, कुठे पावणाई, लिंगेश्वर, वेतोबा. दसऱ्याला तरंग निघतात, उंच खांबांना लुगडी नेसवलेली असतात, धरणाऱ्याच्या अंगात अवसार येतो. काही ठरवायचं झालं तर कौल, पाषाणाला फुलं नाहीतर तांदूळ लावायचे, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. त्याखाली प्रत्येक वाडीचा, मग प्रत्येक जागेचा, प्रत्येक बागेचा, पाणंदीचा, खाडीच्या कडेचा आपापला राखणदार. देवचार म्हणतात त्यांना. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायात वहाणा, हे वर्णन गावागावात जवळपास सारखंच ऐकू येतं. यांना देऊळ नसतं बहुतेक. एक दगड, एखादं आईन किंवा किंजळीचं जुनं झाड, फार तर चौथरा.

आमच्या चुलत सासऱ्यांची, काका म्हणते मी त्यांना, एक गोष्ट ठरलेली आहे, कुणी नवीन माणूस आला की ती होतेच. जत्रेतनं दशावतार बघून पहाटे एकटेच येत होते (रात्रभर दशावतार, हातात खाजाची पुडी, आणि पोटात थोडीशी, हे ते सांगत नाहीत, काकी सांगतात), तर शेतात वाट चुकले. पुढे कुणीतरी दिवटी घेऊन चाललंय असं दिसलं. हाक मारली, उत्तर नाही. काका मागोमाग. मेरेपाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, आल्यावर उजेड थांबला. पलीकडे, दुसऱ्याच्या जमिनीत, जरा लांबवर दुसरा उजेड लागला. काका म्हणतात, "तेची हद्द सोंपली, तेणां दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यान माका." भुताची गोष्ट सांगतानाही आमच्या माणसाच्या डोक्यात मेर आणि हद्द पक्की असते. अर्धी जिंदगी वहिवाटीच्या केसी लढण्यात गेल्यावर दुसरं काय होणार.

या जागेवाल्यांना वर्षातून एकदा राखण द्यायची. आमच्या वाडीत भात कापून घरात आलं की एक दिवस ठरतो. गावठी कोंबडा, नारळ, रोट, विडीचं बंडल, आणि बाटली. गाऱ्हाणं घालायचं, तिथेच झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून शिजवायचं, तिथेच जेवायचं, उरलेलं घरी आणायचं नाही. जातात फक्त पुरुष. वर्षभर कोंबडा कोण सांभाळतं, तर काकी. मसाल्याचं वाटप कोण वाटतं, काकी. आणि राखणीचं मटण कसं झालं होतं ते पुढचे आठ दिवस ऐकतं कोण, तर काकीच.

माहेरचा देव असा नाही. म्हणजे राखणदारच, पण स्वभाव वेगळा. रत्नागिरीचा भैरी बारा वाड्यांचा, शिमग्याला त्याची पालखी निघते, झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते, लोक खांद्यावर घेऊन नाचवतात. आणि आमच्याकडच्या गावागावांत शिमग्यात पालखी घरोघरी येते, अंगण सारवलेलं, रांगोळी, आई ओटी भरायची, आजी तर कधीपासून दारात उभी असायची. तिथे देव दिवसाढवळ्या तुमच्या घरी पाहुणा म्हणून येतो, बसतो, मान घेतो. इथला वेतोबा तुम्ही झोपल्यावर फिरतो आणि तुम्ही त्याला बघू नये हेच बरं. रायगडात रोह्याला धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते तेव्हा तर पोलीस बंदुका घेऊन सलामी देतात. सरकारी राखणदाराने गावच्या राखणदाराला केलेला सॅल्यूट! डिपार्टमेंट एकच म्हणायचं.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जबरदस्त वाटते ती मालवण तालुक्यातली गावपळण. आचऱ्याची प्रसिद्ध आहे, चिंदरलाही असते, नि पलीकडे देवगड तालुक्यात मुणग्यालाही. आचऱ्याचा रामेश्वर हा नुसता देव नाही, तो 'इनामदार श्री देव रामेश्वर', नावातच हुद्दा. तीन-चार वर्षांनी त्याचा कौल झाला की अख्खा गाव वेशीबाहेर जातो. अख्खा म्हणजे खरंच अख्खा. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन तीन दिवस, तीन रात्री गावाच्या हद्दीबाहेर राहुट्या नि झापांच्या खोपी बांधून राहायचं. घरं बंद, दुकानं बंद, रस्ते ओस. मग पुन्हा कौल घ्यायचा, देवाने होय म्हटलं की आत यायचं. त्या तीन दिवसांत गाव कुणाचा, तर देवाचा नि त्याच्याबरोबरच्यांचा. कुणी याला अंधश्रद्धा म्हणतं, कुणी पर्यावरणाचं तत्त्वज्ञान काढतं त्यातून, गावाला श्वास घेऊ देणं वगैरे. असेल. मला त्यात दिसतो तो मालकी हक्काचा मामला. म्हणजे वर्षानुवर्षं राहिलात म्हणून गाव तुमचा झाला असं समजू नका, मधूनमधून निघून दाखवा, आणि परवानगी घेऊन आत या. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांना हे लगेच कळेल, अकरा महिने झाले की आम्हीही तेच करतो डोंबिवलीत.

हे सगळं इतकं गोड नाही हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कोकणात देव आणि माणसं गळ्यात गळे घालून राहतात. मानपान हा कोकणी देवळांना लागलेला जुना रोग आहे. नारळ पहिला कुणाचा, तरंग कुणी धरायचं, पालखी आधी कुठल्या वाडीत जायची, यावरनं भावकी फुटते, कोर्टकचेऱ्या होतात, ऐन शिमग्यात पोलीस बंदोबस्त लागतो, कुठे कुठे तर उत्सवच बंद पडतो. आणि बारा-पाचाच्या, म्हणजे ठरलेल्या मानकऱ्यांच्या, या कारभारात कुठल्या जातीला कुठपर्यंत प्रवेश हेही ठरलेलं असायचं, अजूनही काही ठिकाणी 'रीत' म्हणून ते चालतं. ज्या हातांनी देवाच्या चपला शिवल्या त्या हातांना गाभाऱ्याजवळ किती येऊ दिलं जायचं, हा प्रश्न मला त्या चपलांकडे बघताना सुटत नाही. सिंधुदुर्गातली बरीच देवळं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आहेत, तीन हजारांवर देवळांचा कारभार बघते ती, म्हणजे कागदावर देव तिकडच्या ऑफिसात नि भांडण इकडच्या सभामंडपात. गावावर बाहेरनं येणारं संकट वेतोबा अडवेलही, गावातल्या गावात पेटलेलं कोण विझवणार.

आता जमिनीचं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा गावात कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. पण २०२२ च्या डिसेंबरात गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाचं उद्घाटन झालं नि आमच्या पट्ट्यात जमिनीचे भाव असे काही सुटले की ज्यांनी बारा वर्षांत गावात पाऊल ठेवलं नव्हतं त्यांनाही सातबारावरचं आपलं नाव आठवलं. सातबारा म्हणजे आमच्याकडे काय चीज असते ते ज्यांचा सामायिक आहे त्यांना विचारा. चाळीसेक नावं, त्यातली अर्धी वारलेली, तीन क्यानडात, एक कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो त्यात, त्यात कूळ येतं, बँकेचा बोजा येतो, कुणाचा काय हक्क तो येतो. ज्याचा हक्क प्रत्येक जमिनीवर सगळ्यात जुना आहे त्या राखणदाराचं नाव मात्र त्यात कधीच नसतं. तलाठ्याने लिहिलं नाही म्हणून हक्क संपत नाही, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं, फक्त विकत घेणाऱ्याला माहीत नसतं.

आमच्या शेजारचा तुकडा असाच गेल्या वर्षी विकला गेला. घेणारा दिल्लीकडचा, भला माणूस, होमस्टे काढायचाय म्हणाला. भूमिपूजन त्याने व्यवस्थित केलं होतं, भटजी बोलावून, कलश, सत्यनारायण, फोटो. मग जेसीबी आला. चालवणारा पोरगा विजापूरकडचा, त्याने मशीन बंद केलं, खाली उतरला, बांधावरच्या त्या जुन्या झाडाकडे नि खालच्या दगडाकडे बघितलं, चप्पल काढली आणि सरळ काकांना विचारायला आला की याचं काही दिलंय का. काका म्हणाले नाही. पोरगा म्हणाला मग मी बकेट लावत नाही. दिल्लीवाला तासाला पैसे मोजत होता, त्याला काही कळेना, पूजा तर झाली! काकांनी मला हाक मारली कारण काकांचं हिंदी म्हणजे मालवणीच, फक्त 'है' लावलेलं.

मी समजावलं. ती पूजा देवाची, हे राखणदाराचं, हे खातं वेगळं. त्याने विचारलं किती द्यायचे. म्हटलं पैसे नाहीत. वर्षाला एक राखण, जागा तुमच्याकडे आहे तोवर, मागचे मालक देत आलेत. माणूस खरंच शहाणा, वाद घातला नाही, वैतागलाही नाही, जमीन घेताना बोजा असतोच काहीतरी म्हणाला, आणि विचारलं की न दिलं तर? मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "चुकलास तर नोटीस येता." कसली ते त्यांनी सांगितलं नाही नि मीही हिंदीत काही जोडलं नाही. पोरगा मशीनला टेकून मान हलवत होता, त्यांच्याकडेही असतं म्हणे असंच.

मग त्याने मोबाईल काढला, कुठलंतरी खर्चाचं अ‍ॅप उघडलं, मेंटेनन्सखाली एकेक टाइप करायला लागला, नारळ एक, विडीचं बंडल एक, बाटली चालेल ना देशी, बरं, चिकन किती किलो? तोपर्यंत शांत बसलेले काका ताडकन उठले.

"किलो नाय! अख्खो कोंबडो, नि गावठी. ब्रॉयलर चलाचो नाय म्हणून सांग तेका."